शॅरो कुठे आणि कसा रंगवायचा: नाशिकच्या रस्त्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

रस्त्यावर रंगवलेली सायकल आणि तिच्या पुढे, जाण्याच्या दिशेने टोक केलेल्या दोन कोनाकार पट्ट्या, ही झाली शेअर्ड लेन मार्किंगची खूण. बोलताना तिला शॅरो म्हणतात. ही खूण सायकलला वेगळी जागा देत नाही आणि मोटारींना बाजूलाही करत नाही. ती दोन गोष्टी सांगते. या लेनमध्ये सायकली चालणार आहेत, ही पहिली. सायकलस्वाराने लेनच्या रुंदीत नेमकं कुठून जायचं, ही दुसरी. आमच्या मते दुसरी गोष्टच खरी महत्त्वाची आहे. तीच खूण मीटरभर डावीकडे सरकली, तर सायकलस्वार गटाराच्या जाळीवर किंवा उघडणाऱ्या दारांच्या टप्प्यात जातो. अशी खूण नसलेली बरी, कारण लोक तिच्यावर विश्वास ठेवून चालवतात. म्हणून या लेखात मोजमापाला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

या खुणेचं पहिलं रूप १९९३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात जेम्स मॅके यांनी आखलं. त्यात पोकळ बाणाच्या आत सायकल होती. २००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दोन कोनांचं रूप रस्त्यावर तपासलं गेलं. खुणा रंगवल्यावर सायकलस्वार उभ्या गाड्यांपासून सुमारे २० सेंटीमीटर जास्त लांबून जाऊ लागले आणि फुटपाथवरून जाणाऱ्या सायकली कमी झाल्या. २००९ मध्ये ही खूण अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक-खुणांच्या नियमपुस्तकात आली. खाली दिलेली मूळ मापं तिथलीच आहेत. ती आपल्या डाव्या बाजूच्या वाहतुकीला लागू करताना डावं-उजवं बदललं आहे आणि मीटरमध्ये दिली आहेत.

दुसरी बाजूही माहीत असावी. शिकागोतल्या आकडेवारीवर कोलोरॅडोच्या संशोधकांनी २०१६ मध्ये केलेल्या अभ्यासात, नुसते शॅरो रंगवलेल्या भागांत सायकलस्वारांच्या दुखापतींमधली सुधारणा सर्वांत कमी दिसली. काहीच न केलेल्या भागांपेक्षाही कमी. त्यामुळे जिथे सायकलींसाठी वेगळा ट्रॅक करायला जागा आहे तिथे ट्रॅकच मागा. ट्रॅकचा खर्च टाळायला कोणी शॅरो पुढे करत असेल तर नकार द्या.

पहिली पायरी: रस्ता निवडणं

सगळ्यात आधी वेग मोजा. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. रस्त्याकडेला ५० मीटरवर खडूने दोन रेघा मारा आणि गाडीचं पुढचं चाक पहिल्या रेघेवरून दुसऱ्या रेघेवर किती सेकंदांत जातं ते स्टॉपवॉचवर बघा. ६ सेकंद म्हणजे ताशी ३० किलोमीटर, साडेचार सेकंद म्हणजे ४०, आणि ३.६ सेकंद म्हणजे ५०. गर्दी नसलेल्या वेळी, म्हणजे सकाळी दहाच्या आधी किंवा दुपारी, शंभर गाड्यांच्या वेळा नोंदवा. कोंडीच्या वेळी मोजलं तर वेग खोटा कमी दिसतो. मग वेळा लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लावा आणि पंधरावी वेळ बघा. ती साडेचार सेकंद किंवा जास्त असेल तर रस्ता शॅरोला योग्य आहे. साडेचार आणि ३.६ च्या मध्ये असेल तर आधी गतिरोधक किंवा अरुंद केलेले चौक, मग खूण. ३.६ पेक्षा कमी असेल तर तिथे शॅरो रंगवू नका. अमेरिकी नियमपुस्तक वेगमर्यादा ताशी ५६ किलोमीटरपर्यंत असलेल्या रस्त्यांना चालवून घेतं, पण रिक्षा, बस, टेम्पो आणि दुचाकी एकाच लेनमध्ये असताना आम्ही ४० च्या वर जाणार नाही.

नाशिकमध्ये याचा अर्थ असा. मुंबई-आग्रा महामार्ग, त्याचे सर्व्हिस रोड आणि नाशिक-पुणे रस्ता हे शॅरोचे रस्ते नाहीत. त्र्यंबक रोड आणि गंगापूर रोडच्या रुंद भागांत वेगळा ट्रॅक बसतो, तोच मागायला हवा. शॅरोला योग्य म्हणजे मोठ्या रस्त्यांना जोडणारे आतले रस्ते: कॉलेज रोड आणि गंगापूर रोड यांच्यामधल्या गल्ल्या, पंडित कॉलनी, इंदिरानगर आणि गोविंदनगरचे अंतर्गत रस्ते. आणखी एक उत्तम जागा म्हणजे ट्रॅक तुटतो ते ठिकाण. अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका या स्मार्ट रोडवरचा ट्रॅक जिथे संपतो, तिथून सायकलस्वाराने पुढे कुठल्या लेनमध्ये आणि कसं मिसळायचं हे दाखवायला या खुणेइतकं स्वस्त साधन दुसरं नाही.

मेन रोड, सराफ बाजार, रविवार कारंजा इथे वेग आपोआपच कमी आहे. पण दिवसभर माणसं, हातगाड्या आणि उभ्या दुचाकी यांच्याखाली खूण दिसणारच नाही. तिथे पार्किंगची आखणी आधी हवी.

दुसरी पायरी: रस्ता कोणाचा आणि परवानगी कोणाची

रात्रीतून स्वतः स्टेन्सिल, म्हणजे कापलेला साचा ठेवून खूण, मारून येण्याचा विचार सोडून द्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११६ प्रमाणे वाहतूक चिन्हं लावण्याचा अधिकार शासनाला आणि त्याने अधिकार दिलेल्या यंत्रणेला आहे. बेकायदा खुणेवर अपघात झाला तर रंगवणाऱ्याची बाजू लंगडी पडते, आणि त्याच रस्त्यावर पुढची रीतसर मागणीही अडते.

शहरातले बहुतेक रस्ते महानगरपालिकेच्या बांधकाम विभागाकडे आहेत, काही सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आणि महामार्ग महामार्ग यंत्रणेकडे. अर्ज योग्य दारात द्यावा आणि त्याची प्रत शहर वाहतूक शाखेला द्यावी. अर्जासोबत रस्त्याचं नाव आणि सुरुवात-शेवट, शंभर गाड्यांच्या वेळांचा तक्ता, दर ५० मीटरवर मोजलेली रस्त्याची रुंदी, प्रत्येक खुणेची जागा दाखवणारा नकाशा आणि खुणेचं मापांसह चित्र जोडा. नुसतं "सायकलस्वारांच्या सुरक्षेसाठी उपाय करावा" असं लिहिलेला अर्ज फाइलमध्ये पडून राहतो. मोजमाप जोडलेल्या अर्जावर अभियंत्याला नेमकं उत्तर द्यावं लागतं.

त्याच भेटीत एक प्रश्न नक्की विचारा: या रस्त्यावर पुढच्या वर्षभरात गॅस, पाणी, ड्रेनेज किंवा केबलचं खोदकाम आहे का? २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी शहरभर रस्त्यांची कामं होत आहेत. डांबरीकरण होणार असेल तर मार्किंग त्याच कामाच्या अंदाजपत्रकात घालून घ्या. वेगळ्या निविदेची वाट बघावी लागत नाही आणि नव्या पृष्ठभागावर खूण टिकतेही.

तिसरी पायरी: खुणेची जागा

प्रमाण खूण २.८४ मीटर लांब आणि १ मीटर रुंद असते. त्यातली सायकल १.८३ मीटर उंचीची, पुढे दोन कोन. चालकाच्या नजरेला रस्ता आडवा आणि चपटा दिसतो, म्हणून चित्र मुद्दाम लांबट असतं. जागा कमी आहे म्हणून लांबी कापली तर दुरून नुसता पांढरा डाग दिसतो.

आता आडवं अंतर. मोजायचं ते नेहमी खुणेच्या मध्यरेषेपर्यंत, आणि वापरता येणाऱ्या डांबराच्या कडेपासून. नाशिकमध्ये कडेला माती, उखडलेली साइडपट्टी, गटाराची जाळी असा अर्धा मीटर सहज जातो. तो रस्ता म्हणून धरू नका.

डाव्या बाजूला मोटारी समांतर उभ्या राहत असतील तर मध्यरेषा डांबराच्या त्याच कडेपासून, म्हणजे पार्किंगची रुंदी धरून, किमान ३.३५ मीटरवर हवी. हे माप कुठून आलं ते समजून घ्या, म्हणजे कंत्राटदाराशी वाद घालता येतो. मोटार सुमारे १.८ मीटर रुंद, कडेपासून थोडी सुटून उभी. तिचं दार उघडल्यावर आणखी ९० सेंटीमीटर ते १ मीटर जातं. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे सर्वांत जास्त वेळा उघडणारं दार नेमकं रहदारीच्या बाजूचं. त्यात सायकलच्या हँडलची अर्धी रुंदी, सुमारे ३५ सेंटीमीटर, मिळवली की ३.१ ते ३.२ मीटर होतात. उरलेला भाग ही चुकीला ठेवलेली जागा.

दुचाकी काटकोनात उभ्या राहत असतील, आणि कॉलेज रोडसारख्या दुकानांच्या रस्त्यावर त्या तशाच असतात, तर हिशेब वेगळा पण उत्तर जवळपास तेच येतं. दुचाकीची लांबी सुमारे २ मीटर, मागे घेताना लागणारा १ मीटर, त्यात ३५ सेंटीमीटर. मोटारी तिरप्या उभ्या राहत असतील तर त्या मागे घेताना चालकाला सायकल दिसतच नाही. अशा रस्त्यावर पार्किंग समांतर करून घेतल्याशिवाय खूण मारू नये.

पार्किंग अजिबात नसेल आणि लेन ४.३ मीटरपेक्षा अरुंद असेल तर मध्यरेषा कडेपासून किमान १.२ मीटर. पण हे कमीत कमी माप आहे. नाशिकच्या आतल्या रस्त्यांवर नेहमीची परिस्थिती ३ ते ३.५ मीटर लेनची. इथे खूण लेनच्या बरोबर मध्यभागी घ्या. बस सुमारे २.६ मीटर रुंद असते, म्हणजे ३ मीटरच्या लेनमध्ये बस आणि सायकल शेजारी-शेजारी मावूच शकत नाहीत. सायकलस्वार कडेला चिकटून चालला की मागच्याला मावतंय असं वाटतं आणि तो घुसतो. मध्यभागी चालला की मागच्याला थांबून लेन बदलावी लागते. मध्यभागाचा दुसरा फायदा टिकाऊपणाचा: मोटारीच्या चाकांमध्ये सुमारे दीड मीटर अंतर असतं, त्यामुळे १ मीटरची खूण चाकांच्या मधोमध राहते आणि कमी घासते.

दुभाजक नसलेला दुतर्फा रस्ता असेल तर निम्म्या रुंदीला एक लेन धरा. दोन्ही बाजूंना गाड्या लागून मध्ये एकाच गाडीपुरती वाट उरत असेल तर तिथे खूण घालू नका. आधी एका बाजूचं पार्किंग बंद करून घ्या. सम-विषम तारखेचं पार्किंग असलेल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना पार्किंग आहे असं समजूनच मोजा.

लांबीतलं अंतर सोपं आहे. प्रत्येक चौक ओलांडल्यावर लगेच एक खूण, मग दर ५० मीटरवर एक. ७५ मीटरच्या पलीकडे जाऊ नये, नाहीतर चालकाला दोन खुणांचा संबंध लागत नाही. चढावर किंवा वळणाआधी अंतर ३० मीटरवर आणा. झेब्रा, गतिरोधक, बसथांबा आणि ड्रेनेजचं चेंबर टाळा. चेंबरच्या झाकणावर मारलेली खूण झाकण फिरवून बसवलं की तुटते.

एक बारीक गोष्ट: खुणा एका ओळीत असल्या पाहिजेत. एक खूण मध्यभागी, पुढची चेंबर टाळायला डावीकडे, तिसरी पुन्हा मध्यभागी, असं केलं तर सायकलस्वार नागमोडी चालेल. चेंबर आडवं आलं तर खूण पुढे-मागे सरकवा, डावी-उजवी नको.

चौथी पायरी: साहित्य आणि प्रमाण

रंग दोन प्रकारचे. आयएस १६४ या भारतीय मानकाचा साधा रोड-मार्किंग पेंट स्वस्त पडतो, पण गर्दीच्या रस्त्यावर एका पावसाळ्यानंतर त्यावर भरवसा नको. चाचणी म्हणून सहा महिने खूण ठेवून बघायची असेल तर तो चालेल. कायम कामासाठी गरम थर्मोप्लास्टिक घ्या, म्हणजे वितळवून ओतायचा आणि गार झाल्यावर घट्ट होणारा माल. जाडी २.५ मिलिमीटर, आणि ही जाडी, रात्री दिव्यात चमकण्यासाठी वरून टाकलेले काचेचे बारीक मणी सोडून मोजायची. मण्यांचं प्रमाण चौरस मीटरला २५० ग्रॅम.

हिशेब असा करा. थर्मोप्लास्टिकची घनता पाण्याच्या सुमारे दुप्पट, म्हणून २.५ मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे ५ किलो लागतं. एका खुणेचा भरीव भाग सुमारे १ चौरस मीटर, सांडणं-उरणं धरून ६ किलो. दोन्ही दिशा मिळून १ किलोमीटरला दर ५० मीटरप्रमाणे ४० खुणा, चौकांनंतरच्या ८ जादा धरल्या तर ४८. म्हणजे २८८ किलो, २५ किलोच्या १२ गोण्या. मणी १२ किलो लागतात, १५ आणा. स्टेन्सिल बनवण्याआधी चित्राचं खरं क्षेत्रफळ काढा, कारण सायकलची नळी जाड केली की हा हिशेब वाढतो.

पट्ट्या १० सेंटीमीटरपेक्षा अरुंद नकोत आणि उगाच रुंदही नकोत. मोठा सलग पांढरा भाग पावसात दुचाकीला घसरवतो. वरच्या थरात मण्यांसोबत थोडी बारीक क्वार्ट्झची कच टाकायला सांगा. स्टेन्सिलसाठी ३ मिलिमीटर ॲल्युमिनियमचा पत्रा, दोन भागांत कापलेला: सायकल एक, कोन दुसरा. अखंड पत्रा दोन माणसांना उचलताना वाकतो आणि वाकलेल्या कडेखाली माल शिरतो.

सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यावर दोन जादा गोष्टी लागतात. प्रायमरशिवाय थर्मोप्लास्टिक काँक्रीटला धरत नाही, चकत्यांसारखं उडतं. आणि फिकट काँक्रीटवर पांढरं उठून दिसत नाही, म्हणून आधी १.३ बाय ३.१ मीटरचा काळा आयत मारून त्यावर खूण.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष काम

हंगाम ऑक्टोबर ते मे. पण डिसेंबर-जानेवारीत नाशिकची सकाळ फार थंड असते आणि रस्त्यावर दव असतं. पृष्ठभाग १० अंशांच्या खाली असताना किंवा ओला असताना काम करायचं नाही. रस्ता कोरडा वाटतो पण आत ओल असते. ती तपासायला अर्धा मीटर चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून १५ मिनिटं ठेवा. आतल्या बाजूला थेंब दिसले तर थांबा. थंडीत अकरानंतर सुरू केलेलं बरं. नवं डांबर असेल तर किमान दोन-तीन आठवडे जाऊ द्या, नाहीतर डांबराचं तेल वर येऊन पांढऱ्याचं मळकट पिवळं होतं.

आदल्या दिवशी पार्किंग बंद असल्याचे फलक लावा. कामाच्या आधी मागून येणाऱ्या वाहतुकीच्या बाजूला ३० मीटरपासून शंकू लावा, झेंडा घेतलेला एक माणूस उभा करा आणि सगळ्यांना परावर्तक जॅकेट द्या.

मग दोरी मारा. दोन टोकांना मोजून खिळे ठोका, मध्ये दोरी ताणा, तिच्यावर फक्की टाकून मध्यरेषा काढा आणि प्रत्येक खुणेचं टोक व शेवट खडूने नोंदवा. रंग सुरू होण्याआधी स्वतः सायकलवर बसून त्या रेषेवरून जा आणि उभ्या गाडीचं दार पूर्ण उघडायला लावा. दार लागत असेल तर रेषा चुकली आहे. ही तपासणी फुकट आहे आणि यानंतर केलेली दुरुस्ती महाग.

जागा तारेच्या ब्रशने घासून, ब्लोअरने धूळ उडवा. पेठ रोड-दिंडोरी रोडच्या बाजूला ट्रॅक्टरच्या चाकांसोबत आलेली माती डांबरात दाबलेली असते, ती नुसत्या झाडूने निघत नाही. सुटी खडी असेल तर आधी पॅच करून घ्या.

माल बॉयलरमध्ये सतत ढवळत १८० ते २०० अंशांवर ठेवा, नेमका आकडा गोणीवर बघा. कमी तापला तर डांबरात मुरत नाही आणि नखाने निघतो. जास्त तापला तर राळ जळून पिवळा आणि ठिसूळ होतो. वितळलेला माल चार तासांपेक्षा जास्त ठेवू नये. काल उरलेला आज पुन्हा तापवून वापरणाऱ्या कंत्राटदाराला थांबवा. हातमोजे, बंद बूट आणि गॅस सिलिंडरजवळ अग्निशामक हवाच. माल अंगावर पडला तर लगेच भरपूर थंड पाणी ओता, चिकटलेला थर ओढून काढू नका, दवाखान्यात न्या.

पहिली खूण मारताना पत्र्याची एक छोटी पट्टी मालाच्या वाटेत ठेवा. गार झाल्यावर ती उचलून व्हर्नियरने जाडी मोजा, पट्टीची जाडी वजा करा. २.५ पेक्षा कमी भरली तर पुढचं काम थांबवून साचा नीट लावायला सांगा. मणी ओल्या मालावर लगेच पडले पाहिजेत, पण अगदी पातळ असताना टाकले तर बुडतात आणि उशीर झाला तर झडतात. मण्याचा निम्म्याहून थोडा जास्त भाग रुतलेला, बाकी वर, ही योग्य स्थिती. बोटाने चोळल्यावर मणी हाताला लागतात पण निघत नाहीत.

साधारण १५ मिनिटांत खूण गाडी सोसते, मे महिन्याच्या दुपारी जास्त वेळ द्या. त्याच रात्री दुचाकीच्या दिव्याच्या उजेडात ३० मीटरवरून बघा. खूण चमकत नसेल तर मणी कमी पडले आहेत. बिल मंजूर होण्याआधी हे लेखी कळवा.

सहावी पायरी: वापर समजावणं

खूण नवीन असल्याने लोकांना अर्थ आपोआप कळणार नाही. दोन्ही टोकांना मराठीत फलक हवा: "सायकल या लेनमधून चालेल. ओलांडताना लेन बदला." सायकलस्वाराने कोनांच्या टोकांवरून सरळ रेषेत चालायचं, मोकळी जागा दिसली म्हणून दोन उभ्या गाड्यांच्या मध्ये डावीकडे शिरायचं नाही. तिथून पुन्हा बाहेर येतानाच धडक बसते. मोटारचालकाने ओलांडताना किमान १ मीटर अंतर ठेवायचं. जवळच्या शाळा आणि रिक्षाथांब्यांवर पहिल्या आठवड्यात हे तोंडी सांगितलेलं फलकापेक्षा जास्त पोचतं.

सातवी पायरी: देखभाल आणि काढणं

वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, प्रत्येक खुणेचा वरून फोटो घ्या. चौथा हिस्सा झिजला असेल तर पुन्हा मारा. जुन्या थरावर थर चढवताना एकूण जाडी ५ मिलिमीटरच्या वर नेऊ नका, दुचाकीचं चाक कडेला अडखळतं. खोदकामात अर्धी गेलेली खूण तशीच सोडली तर ती काय आहे तेच कळत नाही. खोदणाऱ्या यंत्रणेच्या रस्ता-दुरुस्तीच्या अटींमध्ये खूण पूर्ववत करणं लिहून घ्या.

पुढे त्या रस्त्यावर वेगळा ट्रॅक झाला, पार्किंग बदललं किंवा वेग वाढला, तर जुनी खूण काढलीच पाहिजे. काळा रंग फासू नका. उन्हात आणि पावसात खालचा आकार पुन्हा उठून दिसतो, आणि आता तो चुकीच्या जागी असतो. ग्राइंडरने थर घासून काढा, आणि घासताना डांबरावर सायकलचाच आकार कोरला जाऊ नये म्हणून खुणेभोवतीचा पूर्ण आयत सारखा घासायला सांगा.